आरशात दिसेल तेवढंच

"तुमच्या गालावरचा फेस वाळायच्या आत बाबांना खाली आणतो की नाही बघा!"

असं म्हणून डोलेशेठने वस्तरा मिटला, दाढीच्या वेळी गळ्याभोवती बांधायचं धुतलेलं पांढरं कापड काखेत मारलं आणि अर्ध्या दाढीच्या पोस्टमनना खुर्चीत तसंच सोडून तो जिन्याकडे निघाला.

डोलेशेठ हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलेलं. धंदा केस कापायचा, दुकान बाबांनी काढलेलं, तळमजल्यावर. घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट म्हणाल तर नाही. दुकानात भिंतभर आरसा. दिवसभर गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहिलं की त्याला त्या आरशात स्वतःचा जेवढा भाग दिसायचा, म्हणजे छाती, खांदे आणि दंड, तेवढाच त्याने रोज पहाटे व्यायामशाळेत जाऊन कमावला होता. खालचं सगळं खुर्चीच्या पाठीमागे झाकलेलं. जे दिसतच नाही त्यावर घाम कशाला गाळायचा?

छाती अशी की शर्टाची वरची दोन बटणं कायमची बेकार झाली होती. दंड असे की कानाजवळ कात्री आली तरी गिऱ्हाईक आधी दंडाकडे बघायचं. कमरेखाली ढगळ पँट होती आणि तिच्यात पाय होते, यापलीकडे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. व्यायामशाळेतले सर सुरुवातीला म्हणायचे, "अहो, पायांचंही बघा जरा!" "पायांना कोण बघतंय सर?" असं हा म्हणायचा. शेवटी सरांनी नाद सोडला.

तर त्या दिवशी टेम्पोतून दुकानात नवी खुर्ची यायची होती. वरखाली होणारी, गोल फिरणारी! आणि तोच टेम्पो बाबांची जुनी लाकडी खुर्ची घेऊन जाणार होता. सकाळी त्याने हे बाबांना सांगितलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा डावा पाय कामातून गेला होता आणि त्यानंतर त्यांनी दुकान पाहिलंच नव्हतं.

"जायच्या आधी मला एकदा तिच्यात बसव रे," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना बसवलं. स्वतः कधी बसलोच नाही. तू दाढी कर माझी. बस, एवढंच."

कुणी काही मागितलं की डोलेशेठची छाती आपोआप फुगायची, आणि छाती फुगली की तोंडातून फुशारकी निघायची. "एवढंच ना? असा उचलून नेतो!" म्हणून तो दुकान उघडायला खाली आला, आणि हातातलं गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं तेव्हा त्याला राहवेना.

वर बाबा ठेवणीतला शर्ट घालून तयार बसले होते. शर्टाला डाग लागू नये आणि खाली वेळही जाऊ नये म्हणून त्याने ते पांढरं कापड बाबांना इथेच गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळलं.

"अहो, थांबा जरा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "दूध उतरवते आणि येते. दोघं मिळून नेऊ."

बायको अंगाने इतकी बारीक की वाऱ्याच्या दिवशी तिला बाहेर पाठवायला नको वाटावं. "तू?" तो हसला. "तू आपली काठी आणि चपला घेऊन मागून ये. वजनाचं मी बघतो!"

बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"डोळे का मिटलेत बाबा?"

"पडलो तर मला दिसायला नको."

बाबांना हातांवर उचलून पहिल्या पायऱ्या तो झोकात उतरला. दंडांची काही तक्रारच नव्हती! पण वळणावर त्याचे गुडघे आपापसात काहीतरी कुजबुजू लागले. त्याने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या मजल्याजवळ आला तेव्हा कुजबुज थांबून दोघांनी उघड संप पुकारला. मांड्या लटलटायला लागल्या, पोटऱ्यांत गोळे आले आणि बाबांना मांडीवर घेऊन तो होता तिथे पायरीवर बसला.

बसला तो बसलाच! दंड म्हणत होते, आम्ही संध्याकाळपर्यंत धरू. गुडघे म्हणत होते, धरा की, पण इथेच. उठायचा एक प्रयत्न केला, दुसरा केला. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला, कपाळावरचा घाम डोळ्यांत जाऊन डोळे घळाघळा वाहू लागलेले.

नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं. समोर बघतात तो काय? पांढऱ्या कापडात गुंडाळलेले, डोळे मिटलेले म्हातारबाबा, आणि त्यांना मांडीवर घेऊन ढसाढसा रडणारा मुलगा!

"अगंबाई!" काकूंच्या हातातली बादली सुटली. "कधी झालं रे हे?"

बाबांना घेऊन कधी निघालास असं त्या विचारताहेत, असं त्याला वाटलं. "आत्ताच... पाच मिनिटं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

काकू जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडल्या. काकूंनी जन्मभर शाळेत कवायत घेतली होती, त्यामुळे आवाजाला तोड नव्हती. पुढच्या मिनिटात जिना माणसांनी भरला. पहिल्या मजल्यावरचे दोघे भाऊ आले, शेजारचा चावीवाला आला, इस्त्रीवाला इस्त्री बंद करून आला. पोस्टमन गळ्यात टॉवेल, एका गालावर फेस अशा अवस्थेत टोपी काढून उभे राहिले. "देवमाणूस होता," ते म्हणाले. डोलेशेठ हात हलवून सांगायचा प्रयत्न करत होता, पण बाबांना धरलेले हात हलणार कसे? कुणीतरी मागून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "रड बाबा, रडून घे."

बाबांच्या कानावर हे सगळं पडत होतं. पण मुलगा तोल सांभाळतोय, आपण मध्येच हललो तर दोघंही कोसळू, म्हणून ते बिचारे श्वाससुद्धा बेतानेच घेत होते!

इतक्यात खालून घर्रर्र करून मोठा आवाज आला. कुणीतरी शहाण्याने मान राखायचा म्हणून दुकानाचं शटर ओढलं होतं.

बाबांनी खाडकन डोळे उघडले. "ऐन कामाच्या दिवशी दुकान कुणी बंद केलं रे?"

काकूंनी अशी किंकाळी फोडली की चावीवाला तीन पायऱ्या खाली गेला. पोस्टमननी टोपी घाईघाईने परत डोक्यावर घातली.

"सरका, सरका जरा," वरून आवाज आला. काठी आणि चपला घेऊन डोलेशेठची बायको गर्दीतून वाट काढत उतरली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. हसली नाही. काकूंना म्हणाली, "घरात पाठीची खुर्ची असेल तर द्या." मग बाबांसमोर दोन्ही पाय रोवून उभी राहिली, गुडघ्यांत वाकली, त्यांचे हात आपल्या गळ्यात घेतले.

"बाबा, हनुवटी माझ्या खांद्यावर. उजव्या पायावर जोर. हं, चला!"

आणि बाबा उठले! तिने त्यांना अलगद वळवलं आणि काकूंच्या खुर्चीत बसवलं. तिचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

"वहिनी, हे कुठे शिकलात हो?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"शिकायचंय काय त्यात? रोजचंच आहे," ती पदर खोचत म्हणाली. "सकाळी उठवायचं, आंघोळीला न्यायचं, परत बसवायचं. हे व्यायामाहून येतात तोवर आमचा चहासुद्धा झालेला असतो. हो ना बाबा?"

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. डोलेशेठ पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहिला. आपण रोज घरी येतो तेव्हा बाबा आंघोळ करून, भांग पाडून बसलेले असतात. ते तसे कसे होतात, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला फार लाज वाटली. आणि त्या लाजेतच ही काडीसारखी बाई त्याला इतकी आवडली की तिने बाजूला ठेवलेली काठी आणि चपला त्याने सगळ्यांसमोर उचलून हातात घेतल्या.

"आता मला वर नेताय की खाली?" बाबांनी विचारलं. "ती खुर्ची जाईल तिकडे."

"खांदा द्यायलाच आलो होतो, आता हात देतो," चावीवाला म्हणाला. तो, इस्त्रीवाला आणि दोघे भाऊ असे चौघे खाली गेले आणि जुनी खुर्चीच वर घेऊन आले. सुनेने बाबांना तिच्यात बसवलं. चौघांनी चार पाय धरले आणि बाबा स्वतःच्या खुर्चीत बसून, पांढरं कापड पांघरून, राजासारखे जिना उतरले. पुढे बायको, "सावकाश, डावीकडून," असं सांगत. मागे काठी आणि चपला घेऊन डोलेशेठ, कठड्याला धरून.

शटर उघडलं. त्याने पाणी कोमट केलं, ब्रश भिजवला, बाबांच्या गालावर फेस चढवला. हात सफाईने चालत होता. बाबांनीच शिकवलेला हात तो. वस्तरा फिरत होता आणि बाबा आरशात बघत होते, स्वतःकडे नाही, त्याच्याकडे.

"चूक माझीच," ते हळूच म्हणाले. "आरसा लावताना गिऱ्हाइकाचं डोकं दिसतंय की नाही एवढंच बघितलं मी. जरा खाली लावला असता तर तुला तुझे पाय दिसले असते."

डोलेशेठला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले, या वेळी घामाशिवाय. दारात टेम्पोवाला येऊन उभा होता. "नवी ठेवून जा," डोलेशेठने सांगितलं, "पण ही खुर्ची कुठे जायची नाही."

"शेठ," कोपऱ्यातून पोस्टमन म्हणाले, "माझा गाल तडकला हो!"

दुसऱ्या दिवशी पहाटे डोलेशेठ व्यायामशाळेत गेला नाही. "आजपासून बाबांना मी उठवणार," तो बायकोला म्हणाला. "तू फक्त सांग."

"पायांत अंतर ठेवा. पाठ ताठ. दंड विसरा. आता गुडघ्यांत वाका."

तो वाकला. व्यवस्थित, अगदी सांगितल्यासारखा वाकला. बाबांनी त्याच्या गळ्यात हात टाकले. मग थोडा वेळ काहीच झालं नाही.

"काय रे?" बाबांनी त्याच्या कानात विचारलं.

"काही नाही बाबा," तो म्हणाला. "कालचे पाय अजून परत आले नाहीत."

त्या सकाळी तिने आधी नवऱ्याला उठवलं, आणि मग सासऱ्यांना.