पहिल्या क्रमांकाची पाणीकपात

कोक-दोबो शहराच्या पाणीपुरवठा विभागाने प्रसृत केलेली एक सूचना फेब्रुवारीतल्या एका शनिवारी स्थानिक रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत पहिली आली. ती गाणं म्हणून लिहिलेली नव्हती, विभागात कुणालाही गाता येत नव्हतं आणि स्पर्धेत उतरण्यासाठी वरिष्ठांची लेखी परवानगीही घेतलेली नव्हती. तरी पहिली आली.

घडलं ते असं. पाणी कधी येणार नाही हे रोज सकाळी रेडिओवर वाचून दाखवायचं काम बुरुलचा नावाच्या एजेंकडे होतं. एजे म्हणजे थोरली बहीण. विभागात त्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्याच थोरल्या बहीण होत्या. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, पाणी येत नाही ते आपल्याच भल्यासाठी. त्या सकाळी निवेदक उलुकमान आधीच्या गाण्यातली कोमुझची, म्हणजे आमच्याकडच्या तंतुवाद्याची, धून बंद करायला विसरला आणि त्या ठेक्यावर एजे वाचू लागल्या: "आदरणीय नागरिकहो, दुरुस्तीच्या कामामुळे उद्या पाणी येणार नाही. भरून ठेवा, जपून वापरा." पुढे कागदावर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं होतं. ते ठेक्यात बसेना. एजेंच्या तोंडून आपोआप निघालं, "गैरसोयीबद्दल आभारी आहोत, आभारी आहोत!"

दुपारपर्यंत बाजाराकडे जाणाऱ्या सगळ्या मिनीबसचे ड्रायव्हर ते म्हणत होते. बुधवारी एका लग्नात नवरीच्या मैत्रिणी रिकाम्या बादल्या घेऊन त्यावर नाचल्या. शुक्रवारी शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांना ते म्हणायला बंदी केली, त्यामुळे ज्या मुलांना येत नव्हतं त्यांनीही पाठ केलं. आणि शनिवारी संध्याकाळी उलुकमानने विसाव्या क्रमांकापासून मोजत मोजत, दुसऱ्या क्रमांकाच्या प्रेमभंगाला बाजूला सारून जाहीर केलं, "आणि मंडळी, पहिल्या नंबरवर, पाणीपुरवठा विभाग!"

विभागप्रमुख तोकोन मामितोविच यांनी सोमवारी एजेंना केबिनमध्ये बोलावलं.

"एजे, सरकारी सूचनेवर लोक नाचतायत. हा विभागाचा अपमान आहे."

"साहेब, आधी तुमच्या नावाने शिव्या देत होते. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"शिव्या नियमात बसतात. नाच कुठे बसतो?"

तेवढ्यात प्रांत कार्यालयाचा फोन आला. साहेब उभे राहिले. अर्धा वेळ "होय" आणि अर्धा वेळ "आपलीच कृपा" म्हणून त्यांनी फोन ठेवला, तेव्हा चेहरा पार बदललेला होता. प्रांतातल्या एकाही पाणी विभागाला आजवर जनतेची एवढी पसंती मिळाली नव्हती. प्रांतप्रमुखांनी अभिनंदन केलं होतं आणि हीच गुणवत्ता टिकवावी अशी अपेक्षा व्यक्त केली होती.

"बसा एजे," साहेब म्हणाले. "चहा घ्याल?"

अडचण पुढच्याच आठवड्यात आली. पाइप दुरुस्त झाला. पाणी सुरू झालं आणि सूचनेची मुदत संपली. रेडिओचा नियम असा, की जी सूचना लागू नाही ती वाजवता येत नाही. शनिवारी विभाग एकदम आठव्या क्रमांकावर घसरला. सोमवारी पुन्हा फोन.

"तोकोन मामितोविच, ही घसरण कशामुळे?"

"साहेब, पाणी आलं."

"कारणं सांगू नका. उपाय करा."

उपाय झाला. मंगळवारी पाणी बंद करण्यात आलं. नुसतंच बंद केलं असतं तर ते बरं दिसलं नसतं, म्हणून लेनिन रस्त्यावर खड्डा खणण्यात आला आणि दुरुस्ती करायला आलेली चार माणसं चांगल्या पाइपभोवती उभी राहून त्याच्याकडे गंभीरपणे पाहू लागली. विभाग पुन्हा पहिला आला. मग घरं गरम ठेवणाऱ्या हीटिंग विभागालाही स्फुरण चढलं. त्यांनी भर थंडीत रेडिएटर बंद केले आणि अकॉर्डियनवर आपली सूचना आणली. आम्ही कुडकुडत ऐकली, पण मतं दिली नाहीत. चाल अगदीच उचललेली वाटत होती. कोक-दोबोच्या श्रोत्यांना कुणी काहीही ऐकवावं, असं नाही. तो विभाग चौथ्या क्रमांकावर अडकला आणि रुसून आणखी दोन आठवडे हीटिंग बंद ठेवून बसला.

या सगळ्यात बुरुलचा एजेंचं काय चाललं होतं, ते कुणी विचारलं नाही. लग्नांची आमंत्रणं येत. तिथे त्यांना मानाच्या जागी बसवून, पुढ्यात तळलेल्या बोर्सोकांचा डोंगर रचून, 'आभारी आहोत' म्हणायला लावत. मग घरी येऊन त्या विहिरीवरून आणलेल्या दोन बादल्या चौथ्या मजल्यावर चढवत. दुसऱ्या मजल्यावर थांबून गुडघा चोळत. शेजारची पोरं तेवढ्यात सही मागत. घरात लेक मेएरिम बाळंतपणाला आलेली होती आणि नातू दिवसाला एवढी दुपटी ओली करत होता, की एजे एकदा म्हणाल्या, "या घरात पाण्याचा पुरवठा करणारा हा एकच आहे."

बाळाला चाळीस दिवस होत आले. त्या दिवशी आमच्यात बाळाला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालतात. घरच्या नळाचं, कोमट पाणी हवं. त्यातून पाहुणे, त्यांचा चहा, त्यांची भांडी. एजे साहेबांकडे गेल्या.

"साहेब, शनिवारी नातवाची चाळिशी आहे. एक दिवस पाणी सोडा."

"शनिवारी?" साहेबांनी छातीला हात लावला. "एजे, राजधानीच्या, बिश्केकच्या रेडिओवर आपण देशात दुसरे आहोत. दुसरे! या शनिवारी पहिले येऊ शकतो. तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय मागताय?"

"पाणी मागतेय. पाणी विभागात."

"भावनेच्या भरात बोलू नका."

"बरं, पाइप फुटलाय तरी कुठे? तिथून बादलीभर घेऊन येईन."

"कुठेच फुटलेला नाही. पंपघरातलं लाल चाक फिरवून बंद केलंय."

"आणि पंपघराची किल्ली?"

"कुलूप कशाला लावायचं? तिथे जातंय कोण!"

एजे घरी आल्या आणि लेकीजवळ मनसोक्त रडल्या. मेएरिमही रडली. नातू रडतच होता. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत, त्यामुळे बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्यांवर पोचली.

शुक्रवारी दारावर टकटक झाली. पलीकडच्या खोलीतली कान्यम अपा दारात उभी होती. वय झालेली, आणि हातात पाण्याने भरलेला एकच चमचा. तिच्यामागे जिन्यावर खालपर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात एक चमचा. कुणी लाकडी, कुणी जर्मन सिल्व्हरचा, एकाने तर डाव आणला होता.

"अगं, एक दिवस आधीच बाळाला न्हाऊ घाल," कान्यम अपा म्हणाली. "चाळीस घरांतून आणलंय. सांडू नये म्हणून बघ, श्वास रोखून जिना चढलोय."

एजेंनी पातेलं पुढे धरलं. पातेल्यात एकेक चमचा पडत गेला. प्रत्येक जण बाळाला आशीर्वाद देत होता, आणि आशीर्वाद देऊन झाला की एजेंच्या कानाशी लागून तेच सांगत होता.

"पण एजे, उद्या पाणी मागू नका हं."

"उद्या निकाल आहे."

"मी बिश्केकच्या मेहुण्याशी पैज लावलीय."

"पाणी काय, वसंतातही येईल. पहिला नंबर पुन्हा येतो का?"

जाताना अपा म्हणाली, "चमचा मात्र परत दे गं. एकच आहे."

बाळाला त्या पाण्याने न्हाऊ घातलं. ते हसलं. एजे हसल्या नाहीत. कुणाच्याही घरात दुसरा चमचा भरायला नळाचं पाणी उरलेलं नव्हतं, हे त्यांना पातेलं भरताना कळलं होतं. एवढ्या मायेची माणसं एवढी खुळी कशी, याचा विचार करत त्यांनी नातवाला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि मनाशी काहीतरी पक्कं केलं.

शनिवारी सकाळी त्या स्टुडिओत गेल्या. उलुकमानने कोमुझ लावला. एजेंनी हातातला कागद उलटा ठेवला.

"आदरणीय नागरिकहो, पाइप फुटलेला नाही. पाणी साहेबांनी बंद केलंय. पंपघराला कुलूप नाही. आत लाल चाक आहे. चाक डावीकडे फिरवा, डावीकडे फिरवा!"

काचेपलीकडे उलुकमान उठून उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं.

"एजे," तो म्हणाला, "हे तर आधीच्यापेक्षाही भारी झालं!"

एजे सरळ पंपघरापाशी जाऊन थांबल्या. मेएरिम बाळाला घेऊन आली. आता अख्खं शहर येईल, साहेबांना जाब विचारेल, असं दोघींना वाटत होतं. बराच वेळ बर्फावर उभ्या राहिल्या. एक कुत्रा आला आणि गेला. मग चौकाकडून गर्जना ऐकू आली.

"आई, आले वाटतं!" मेएरिम म्हणाली.

कुणी आलेलं नव्हतं. नवी सूचना दुपारीच देशात पहिली आली होती आणि सारं कोक-दोबो चौकात जमलं होतं. मधोमध तोकोन मामितोविचना खांद्यावर घेतलेलं. 'पाणी साहेबांनी बंद केलंय' ही ओळ आली, की ते मान लववून अभिवादन करत. आणि पुढची ओळ आली, की म्हातारेकोतारे, पोरंसोरं, पोलीस, हीटिंग विभाग, सगळे दोन्ही हात पुढे धरून हवेतलं चाक डावीकडे फिरवत. काय ताल! एकाचाही हात चुकून उजवीकडे गेला नाही.

एजे पंपघरात शिरल्या. शालीने चाकावरचा ओलावा पुसला आणि एकट्यांनीच ते फिरवलं.

घरोघरचे नळ उघडे राहिलेले होते. पाणी मोऱ्या भरून जिन्यांवर आलं, जिन्यांवरून रस्त्यावर आलं आणि तिथे गोठलं. रात्री विजयी नागरिक गात गात परतले आणि घसरत घसरत आपापल्या दारी पोचले. सोमवारी विभागाकडे तक्रारींचा ढीग पडला. सगळ्यांची तक्रार एकच: पूर्वसूचना न देता पाणी आलं. बुरुलचा एजेंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी ती घरी नेऊन बाळाच्या दुपट्यांखाली अंथरली आणि नळ सोडून, दार लावून, तासभर आंघोळ केली.

आम्ही शब्द ऐकले नाहीत, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. साफ खोटं आहे. सगळे शब्द आम्हाला पाठ होते, आजही आहेत. तुम्हाला हसू येतंय, कारण तुम्ही हे नुसतं वाचलंत. चाल अजून तुमच्या कानावर पडलेली नाही.