मुक्तीचं पाकीट

कर्जमुक्त होण्यासाठी माणसाजवळ दोन गोष्टी असाव्या लागतात : निर्धार आणि कर्ज. यांपैकी दुसरी गोष्ट अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून साधारण सहा आठवड्यांत घरपोच मिळते (बंद लिफाफ्यात, आपलं नाव आधीच छापलेलं असतं). निर्धार मात्र ज्याचा त्याने आणायचा असतो.

टेक्सासातल्या प्लेनो गावी राहणाऱ्या श्रीरंग मुजुमदारने तो २००५ च्या जानेवारीत आणला. त्या वेळी पाच कार्डांवर मिळून त्याचं देणं एकतीस हजार सहाशे डॉलर होतं. यात चैनीचा एक पैसा नव्हता, असं त्याच्या बायकोचं, विनीताचं, ठाम मत होतं. जे जे घेतलं ते सगळ्यांकडे होतं.

याखेरीज एका मोठ्या दुकानाचं वेगळं खातं होतं. त्यावर एकसष्ट इंची टीव्ही आणि मागे रेलणाऱ्या सहा चामडी खुर्च्या घेतलेल्या होत्या (कुटुंबात माणसं तीन). अठरा महिने बिनव्याजी. अठराव्या महिन्याच्या अखेरीस एक सेंट जरी बाकी राहिला, तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज, सुमारे एकोणीसशे डॉलर, एकदम अंगावर यायचं होतं. अखेरची तारीख होती ३१ मे २००६. ही तारीख श्रीरंगला स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ होती.

निर्धार 'रोखीत जगा' नावाच्या शिबिरात मिळाला. तीन शनिवार, माणशी त्र्याण्णव डॉलर, कार्ड चालेल. तिथे शिकवलेली पद्धत अशी : पगार झाला की रोख काढायची, खर्चाच्या प्रत्येक बाबीचं एक पाकीट करायचं आणि पाकीट संपलं की ती बाब संपली. नियम पाच होते. त्यांतला चौथा सर्वांत कडक : एका पाकिटातले पैसे दुसऱ्या पाकिटात घालणं म्हणजे स्वतःच्या घरात चोरी. पाचवा त्यातल्या त्यात माणुसकीचा : एक कार्ड ठेवावं, फक्त आणीबाणीसाठी.

पाकिटांची सोय घरच्या घरी झाली. विनीताच्या आईने मागच्या खेपेला पुण्याहून आहेराची दोनशे पाकिटं आणली होती. पिवळीधमक, वर सोनेरी गणपती, कोपऱ्यात चिकटवलेलं रुपयाचं नाणं. प्लेनोच्या मराठी समाजात आहेर एक्कावन्नचा किंवा एकशे एकचा असतो. वरचा एक म्हणून डॉलर घालायचा की पाकिटावरचा रुपया पुरेसा धरायचा, यावर मंडळात दोन गट आहेत. (रुपयावाले प्रचंड बहुमतात आहेत. त्या वर्षी डॉलर पंचेचाळीस रुपयांना होता.)

अकरा पाकिटांवर पिवळ्या चिकटचिठ्ठ्या लावल्या गेल्या : किराणा, गॅस (म्हणजे गाडीचं पेट्रोल), बाहेरचं खाणं, देवांगचं टेनिस, आहेर वगैरे. अकराव्या पाकिटावर श्रीरंगने 'मुक्ती' असं लिहिलं. फेडीचे पैसे त्यात साठत. सगळी पाकिटं बुटांच्या एका खोक्यात राहात आणि खोकं टीव्हीच्या खोलीत, म्हणजे मीडिया रूममध्ये, चौथ्या खुर्चीवर राही, कारण ती रिकामीच असे.

सतरा महिने हे घर ज्या शिस्तीने चाललं तिला तोड नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात एसी ब्याऐंशी फॅरनहाइटवर ठेवण्यात आला. देवांगचे केस श्रीरंगने कापले (निकाल शाळेच्या वार्षिक फोटोत जतन आहे). बाहेरचं खाणं महिन्याला अकरा डॉलरवर आलं. या रकमेत तिघांना बाहेरचं खाणं फक्त पाहता येतं. पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा विचारताना 'घेणार नसालच' असा शब्दप्रयोग रूढ झाला. पाचही कार्डं एकेक करत फिटली आणि आणीबाणीचं एक सोडून बाकीची कात्रीने कापण्यात आली. २००६ च्या मे महिन्यात टीव्हीचे फक्त दोन हजार तीनशे पन्नास डॉलर उरले आणि पहिल्या आठवड्यात तेही 'मुक्ती'च्या पाकिटात पूर्ण जमले. पन्नासाच्या सत्तेचाळीस नोटा.

चिकटचिठ्ठीचा डिंक मात्र इतका निर्धारी नसतो. सतरा महिन्यांनी दोन चिठ्ठ्या खोक्यात गळून पडल्या, 'आहेर' आणि 'मुक्ती'. श्रीरंगने त्या अंदाजाने परत लावल्या. आहेराच्या पाकिटातही एकेक डॉलरच्या पन्नास नोटा होत्या, म्हणजे जाडी तेवढीच. उघडून पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. ज्याचं नियोजन चोख असतं तो पाकीट उघडून बघत बसत नाही.

त्या शनिवारी राजीव आणि मृणालिनी या मित्र-जोडप्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. घर चोपन्नशे चौरस फुटांचं, माणसं चार, न्हाणीघरं साडेचार (हे अर्धं, म्हणजे आंघोळीची सोय नसलेलं, न्हाणीघर पाहुण्यांना आवर्जून दाखवण्यात आलं). दारात विनीताने पाकिटावरची 'आहेर' चिठ्ठी काढली आणि पाकीट मृणालिनीच्या हातात ठेवलं.

रविवारी सकाळी मृणालिनीचा फोन आला.

"विनीता, अगं, काय हे? इतकं कशाला? राजीव तर म्हणाला, आपण घेऊच शकत नाही."

पन्नास डॉलरचं एवढं कौतुक विनीताच्या वाट्याला प्रथमच येत होतं.

"काही तरीच काय गं. आपल्या माणसांसाठी एवढं तर करायलाच हवं. आणि खरं सांगू? आम्हाला ते जाणवतही नाही."

सोमवारी श्रीरंग हाफ डे टाकून दुकानात गेला. देणं रोखीने द्यायचं आहे म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर चाळीस मैलांवरून रोख पाहायला आल्यासारखा आला. मुलीने पाकीट रिकामं केलं आणि अत्यंत सभ्यपणे एकेक डॉलरच्या पन्नास नोटा मोजल्या.

"पन्नास," ती म्हणाली. "आणि सर, हे नाणं आम्ही घेत नाही."

घरी आल्यावर श्रीरंगने चौथ्या खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं आणि तिच्यात बसला. विनीताने फोनवरचं बोलणं सांगितलं.

"जाणवतही नाही म्हणालीस?"

"मला काय माहीत. मला वाटलं, पन्नासच आहेत."

"पन्नासचं कोणाला जाणवतं?"

"मग मी तेच तर म्हणाले."

शिवाय रक्कम दोन हजार तीनशे पन्नास, वर रुपयाचं नाणं, एकूण दोन हजार तीनशे एक्कावन्न. चुकून पडलेली रक्कम इतकी शुभ नसते. ती मुद्दाम दिली आहे याचा पुरावा खुद्द पाकिटावर डिंकाने चिकटलेला होता.

दिलेला आहेर परत मागण्याची कार्यपद्धती मराठी समाजात अद्याप विकसित झालेली नाही. तेव्हा उपलब्ध पर्यायांचा रीतसर विचार करण्यात आला.

क) खरं सांगून टाकणं. हा पर्याय विचारार्थही घेतला गेला नाही.

ख) इतर पाकिटांतून आणि पुढच्या पगारातून रक्कम जमवणं. सहज शक्य होतं, पण नियम चार.

ग) व्याजाचे एकोणीसशे भरून मोकळं होणं. "प्रश्न पैशाचा नाहीये," श्रीरंग म्हणाला. सतरा महिने घरात दुसरा कुठलाही प्रश्न नव्हता.

घ) आहेर परत मागता येत नसला तरी तो परत येतोच, आणि थोडा वाढून येतो. ही आपल्या समाजाची एकमेव ठेव योजना आहे जी आजवर बुडालेली नाही. त्यासाठी फक्त आपल्या घरी कार्य असावं लागतं, आणि ते ३१ मेच्या आत.

देवांग नऊ वर्षांचा होता. मुंज ठरली.

त्याला जेवणाच्या टेबलावर सगळं समजावून सांगण्यात आलं.

"सो आय शेव्ह माय हेड, अँड वुई कीप द टीव्ही?"

"देवांग, ही आपली संस्कृती आहे," श्रीरंग म्हणाला.

मुहूर्ताची जबाबदारी हेमचंद्र गुरुजींकडे होती (सोमवार ते शुक्रवार ते एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतात). हॉल फक्त सत्तावीस मेचा मिळत होता आणि पुण्याच्या कॅलेंडरात त्या दिवशी अमावस्या होती. गुरुजींनी लॅपटॉप उघडला. "तिकडे अमावस्या आहे," ते म्हणाले, "पण आपल्याकडे आदल्या मध्यरात्रीनंतर लगेच प्रतिपदा लागते. टाइम झोन तुमच्या बाजूने आहे. लाँग वीकएंड असल्यामुळे दक्षिणा थोडी वेगळी."

खर्चाचा तपशील असा : हॉल सोळाशे, दीडशे पानांचं जेवण चोवीसशे, गुरुजी सहाशे एक (इथे डॉलरवाला गट जिंकला), फोटो आणि व्हिडिओ साडेअकराशे, पुण्याहून तातडीच्या कुरियरने आलेली पैठणी सहाशे चाळीस, पाहुण्यांना द्यायच्या स्टीलच्या वाट्या चारशे एकोणपन्नास. एकूण सहा हजार आठशे चाळीस. मुंज ही रोजच्या खर्चाची बाब नव्हती, तिचं पाकीट नव्हतं, आणि ती टाळता येत नव्हती. अशा परिस्थितीला नियम पाचमध्ये आणीबाणी म्हटलं आहे. कार्ड बाहेर आलं.

एकाच मुद्द्यावर तिढा पडला. आमंत्रणात 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ असावी, असं विनीताचं म्हणणं होतं.

"मग करतोय कशाला आपण हे सगळं?"

"सगळे लिहितात, श्री. नाही लिहिलं तर हावरट दिसतं."

ओळ गेली, पण बारीक अक्षरांत, गाडी कुठे लावायची त्या सूचनेच्या खाली.

याचा परिणाम अभ्यासण्याजोगा होता. आमंत्रित कुटुंबं होती अठ्ठावन्न. यांतल्या कोणीही आयुष्यात कधी वेळेवर येण्याची सूचना पाळली नव्हती, की चपला ओळीत लावण्याची. आहेर न आणण्याची सूचना सत्तावन्न कुटुंबांनी अक्षरशः पाळली. "तुम्ही लिहिलंत ना, म्हणून," असं प्रत्येकाने जवळ येऊन सांगितलं आणि वाटी घेतली. गाडी कुठे लावायची ते मात्र कोणीच वाचलं नव्हतं.

हॉलमध्ये श्रीरंगने देवांगच्या कानात मंत्र सांगितला, पण त्याची नजर दाराकडे होती. राजीव आणि मृणालिनी आले तेव्हा जेवणाचा वास सुटला होता. राजीवचे दोन्ही हात रिकामे होते. मृणालिनीची पर्स इतकी लहान होती, की तिच्यात आहेराचं पाकीट दुमडूनही मावलं नसतं.

मग भिक्षावळ आली. शेंडी ठेवलेला देवांग झोळी घेऊन उभा राहिला. आपल्या पूर्वजांनी हा विधी दूरदृष्टीने ठेवला आहे, असं गुरुजींनी माइकवर इंग्रजीत समजावलं : दुसऱ्याकडे मागण्यात लाज नसते, हे मुलाला लहानपणीच कळावं. श्रीरंगला आजवर एकाही विधीचा अर्थ इतका स्वच्छ पटला नव्हता.

"ॐ भवति भिक्षां देहि," देवांग म्हणाला.

बायका तांदूळ आणि लाडू घालत गेल्या. मृणालिनीने ब्लाऊजच्या कडेने खोचलेलं पिवळं पाकीट काढलं, झोळीत टाकलं आणि देवांगच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. श्रीरंगच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिडिओवाल्याने ते क्लोजअपमध्ये घेतलं आहे.

हात धुण्याच्या रांगेत राजीव त्याच्याशेजारी उभा राहिला.

"यार श्री, एक सांगू? तुझ्या पाकिटाने तीन आठवडे झोप उडवली आमची. मृणालिनी म्हणाली, हात लावायचा नाही, हे परतच करायला लागणार. तसंच ठेवलं होतं बघ. तुझंच पाकीट, त्याच नोटा."

"वाढवायची काय गरज होती?" श्रीरंगने विचारलं. (वाढवले आहेत की नाही, हे जाणून घेण्याची ही प्रचलित पद्धत आहे.)

"वरचे पन्नासच रे. एटीएममधून काढले, कार्डावर. सगळं त्या घरात गेलंय ना."

एकतीस मेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, काउंटरवरच्या त्याच मुलीने सत्तेचाळीस नोटा मोजल्या आणि श्रीरंग मुजुमदार कर्जमुक्त झाला. तिने त्याचं अभिनंदन केलं. इतक्या शिस्तीने फेडणारे लोक कमी असतात, म्हणून दुकानाने त्याची उधारीची मर्यादा आपण होऊन नऊ हजारांवर नेली होती. आणीबाणीच्या कार्डावरचे सहा हजार आठशे चाळीस तिथे वळवता येतील का, ते त्याने विचारून घेतलं. येत होते. आठ महिने बिनव्याजी. तारीख त्याने तिथेच पाठ केली आणि उरलेली पन्नासाची नोट, नाण्यासकट, आहेराच्या पाकिटात गेली.

जूनमध्ये महाराष्ट्र मंडळाने 'रोखीचं जीवन' या विषयावर त्याचं व्याख्यान ठेवलं. मंडळाचे खजिनदार गुरुनाथकाका यांनी ओळख करून देताना त्याच्या फेडीचा आणि त्याच्या दिलदारपणाचा एका दमात उल्लेख केला. शेवटचा हप्ता कसा जमवला, असं एकाने विचारलं.

"त्याग," श्रीरंग म्हणाला. पहिल्या रांगेत देवांग बसला होता, टोपी घालून.

आता हे वाचून तुम्ही श्रीरंगला हसत असाल, तर अवश्य हसा. फक्त एवढंच आठवून सांगा, तुमच्या घरच्या शेवटच्या कार्यात सर्वांत जड पाकीट कोणाचं होतं? (नाव लगेच आठवलं ना.) आणि सर्वांत हलकं?

ते तर प्रश्न विचारायच्या आधीच आठवलं होतं.