क्रांतीबाई उलट्या उतरतात

"दिवाळीच्या आत वाघजाईच्या माथ्यावर उभी राहून तुम्हाला हात करून दाखवला नाही, तर नाव बदला माझं!" क्रांतीबाईंनी भाताच्या पातेल्यावर पळी आपटून जाहीर केलं.

दिनानाथने मान वर केली नाही. पानात बोंबलाचं कालवण असताना तो कोणासाठीच मान वर करत नसे.

"नाव बदलायचं म्हणजे आधार कार्डासाठी अलिबागला खेपा," तो म्हणाला. "त्यापेक्षा जाऊच नको."

पण क्रांतीबाईंचं ठरलं होतं. वय चोपन्न. डावा गुडघा झिजलेला, उजवा त्याला सोबत म्हणून कुरकुरणारा, छातीत थोडा दमा, आणि वजन... वजनाचं जाऊ द्या. अलिबागच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "काकी, बसून राहिलात तर बसूनच राहाल. जमेल तशी चढण चढायला लागा."

चढण! बोरपाड्यात चढण एकच. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ठाण मांडून बसलेला वाघजाईचा डोंगर. लग्न होऊन आल्यापासून क्रांतीबाई त्याच्याकडे बघत फोडण्या देत आल्या होत्या. वरून म्हणे खाडी, समुद्र आणि पलीकडची मुंबई, सगळं एका नजरेत येतं. त्या एकदाच वर गेल्या होत्या, लग्नानंतर देवीची ओटी भरायला. पण तेव्हा पदर नाकापर्यंत आणि पुढे सासूबाईंची पाठ! पाहिली ती तेवढीच. पाठ काही लहान नव्हती, पण तिला मुंबईची सर नाही.

"वर जाऊन करणार काय?" दिनानाथने विचारलं.

"काही नाही. चालणार."

"नुसतं? माणूस कुठंतरी पोचायला चालतो. नुसता चालतो तो येडा."

हा माणूस मांडव्याच्या जेट्टीवर मिनीडोअर रिक्षा चालवायचा. बोटीतून उतरून पायी निघालेला प्रवासी दिसला की त्याला घरात चोर शिरल्यासारखं वाटायचं. त्याच्याकडून चालण्याचं कौतुक कसं व्हायचं?

"पायऱ्यांच्या पहिल्या चौथऱ्यावर बसशील नि मला फोन करशील. आत्ताच सांगून ठेवतो, माझी मिनीडोअर डोंगर चढणार न्हाय!"

"मेले तरी फोन करणार नाही!"

पुढच्या मंगळवारी क्रांतीबाई निघाल्या. मंगळवारच का? तर मंगळवारी घरात मासळी नसते, स्वयंपाक लवकर उरकतो. इतकं साधं! मुलाने, ऋत्विकने, पुण्याहून चालायचे बूट पाठवले होते, पोपटी रंगाचे. ते पायथ्याशीच दोन्ही टाचांना कडकडून चावले. क्रांतीबाईंनी ते काढून पिशवीत कोंबले आणि अनवाणी चढायला लागल्या. दम्यामुळे चढताना तोंड बंद ठेवायचं, हा डॉक्टरांचा हुकूम. म्हणून बोलणं बंद. धापा टाकत पहिल्या चौथऱ्यापर्यंत पोचल्या, जांभळाखाली टेकल्या आणि परत फिरल्या.

आता उतरणं. गुडघ्याचं खरं दुखणं चढताना नव्हे, उतरताना. त्यावर दवाखान्यातल्या मुलीने युक्ती सांगितली होती: कठडा धरायचा आणि उलटं उतरायचं. त्यामुळे माथ्याकडे तोंड, गावाकडे पाठ, अशा क्रांतीबाई अवजड ट्रकसारख्या रिव्हर्समध्ये येत होत्या. मागून 'टूं टूं' तेवढं वाजत नव्हतं.

पायथ्याशी पहिलंच घर मनुबाईंचं. स्वतःचे गुडघे गेल्यापासून मनुबाई ओट्यावर बसून सगळ्या गावाचे पाय मोजायच्या.

"अगो बाय! क्रांते! अनवानी?"

क्रांतीबाईंच्या छातीचा भाता चालू होता. त्यांनी एक बोट वर केलं, म्हणजे जरा थांबा, श्वास घेते.

मनुबाईंनी त्या बोटाच्या दिशेने डोंगराकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "बोलू नको, बोलू नको! मौन मोडंल! आणि देवीला पाठ न्हाय गो दाखवलीस! माझ्या सासूनंतर असा कडक नवस कोनी केला न्हाय!"

श्वास जागेवर आल्या आल्या क्रांतीबाई कडाडल्या, "कसला नवस? बूट चावले म्हणून अनवाणी! गुडघा दुखतो म्हणून उलटी!"

"व्हय, व्हय," मनुबाई समजुतीने हसल्या. "नवस सांगायचा नसतोच."

आता घ्या! नवस फिटेपर्यंत कोणाला सांगायचा नाही, हा बोरपाड्याचा नियम. म्हणजे 'केलाय' म्हणणारीने केलेला नसतो आणि 'नाही केला' म्हणणारीने केलेलाच असतो! या कायद्यापुढे कुठला वकील उभा राहणार? क्रांतीबाई जितक्या जोरात नाही म्हणाल्या, तितका नवस मोठा होत गेला.

दुसऱ्या मंगळवारी सकाळी दार उघडलं तर ओट्यावर नारळ! शेंडीला कुंकू लावलेले, रांगेत बसलेले, पंगतीला आल्यासारखे. गावातल्या ज्या ज्या बाईचे गुडघे वर जाऊ देत नव्हते तिने तिने आपला नारळ पाठवला होता. "तू जातेसच, तर माझाही ठेव देवीपुढं!"

"अहो, मला ओझं उचलायला मनाई आहे!"

"देवीचं का कुठं ओझं असतं?"

असतं! त्या नारळांच्या पिशवीने खांदा असा ओढला गेला की क्रांतीबाई पहिल्या चौथऱ्यालाही पोचल्या नाहीत. नारळ वर नेता येईनात आणि परत देता येईनात, कारण देवीच्या नावाने दिलेलं परत घेणार कोण? तिसऱ्या मंगळवारपर्यंत ते पलंगाखाली मावेनासे झाले. मध्येच एखादा घरंगळत बाहेर यायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचा, जणू विचारायला, कधी निघायचं?

"एकाला तरी पटू दे गं!" क्रांतीबाई शेजारच्या शहनाजकडे जाऊन तणतणल्या. शहनाजचा नवरा कुवेतला, ती घरी शिलाई करायची. बाई शहाणी. तिने शिलाईमशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"मला पटलं," शहनाज म्हणाली. "तू नुसती चालतेस."

क्रांतीबाईंना तिला मिठी मारावीशी वाटली.

"गावाला काय कळतं!" शहनाजने दोरा दातांनी तोडला. मग हळूच म्हणाली, "पण क्रांती, माझ्या यशराची बारावी आहे यंदा. तू वर असशीलच. माझ्या नावाने नको, तुझ्याच नावाने... जरा सांगशील?"

क्रांतीबाई न बोलता उठल्या. ते बघून शहनाजची खात्रीच पटली.

पण खरा कहर घरात होता. दिनानाथ बदलला! सकाळी चहा आयता समोर आला. संध्याकाळी त्याने स्वतः कपडे घडी करून ठेवले, वाईट केले, पण केले. कालवणात मीठ जास्त पडलं तर निमूट जेवला! तीस वर्षांत न घडलेली गोष्ट. क्रांतीबाई हबकल्या.

"काय झालंय तुम्हाला?"

"तेच मी तुला विचारतोय," तो म्हणाला. "जेट्टीवर सगळे मला शहाळी पाजतायत. 'आता कसं वाटतंय?' विचारतायत. ड्रायव्हरांच्या शिबिरात माझं रक्त तपासलं, तेव्हा रिपोर्ट वाचून तू म्हनालीस, सगळं ठीक हाय. मग हा नवस कशाला? किती दिवस राहिलेत माझे?"

"अहो, तुम्हाला धाड भरलेली नाही! तुम्ही मला पोचवून मग जाल!"

"नको सांगूस. नवस मोडंल." आणि तो डोळे पुसत भांडी घासायला गेला.

आता सांगा, संतापावं की नाही? आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट स्वतःसाठी करायला निघावं, तर तीही गावाने नवऱ्याच्या खात्यावर जमा करावी! आणि भांडी? ओशट राहिली सगळी, परत घासावी लागली.

दिवाळीआधीचा शेवटचा मंगळवार उजाडला. आज नाही तर नाव बदला! पदर खोचून क्रांतीबाई बाहेर पडल्या, तर दारात दिनानाथ. अनवाणी. खांद्यावर नारळांचं पोतं.

"माझ्यासाठी एवढं करतेस. निदान भार तरी मी उचलतो."

"उचला!" क्रांतीबाई म्हणाल्या. वाद घालायला श्वास शिल्लक ठेवायचा नव्हताच. मनुबाईंचा नारळ मात्र त्याने हातात वेगळा धरला होता. मनुबाईंनी तसं बजावलं होतं.

आणि काय सांगावं, हात मोकळे झाल्याबरोबर डोंगर निम्मा झाला! चार पायऱ्या चढायच्या, थांबायचं, परत चार. खाली भातं पिवळी पडली होती, पलीकडे खाडी चकाकत होती. पहिला चौथरा मागे पडला, दुसरा पडला. दिनानाथ तर केव्हाच मागे पडला. देवळाचा कळस दिसला, घंटा हातभरावर आली, आणि कमरेला खोचलेला फोन वाजला.

"क्रांती... मी बसलोय. पहिल्या चौथऱ्यावर. दम लागलाय गं. काहीतरी कर."

महिनाभर जपून ठेवलेलं वाक्य ओठांवर आलं. "डोंगरावर मिनीडोअर येत नाही!"

पलीकडून एक केविलवाणं "बरं."

क्रांतीबाईंचा पाय अडला. खाली बघावं की वर? आत्ता उतरलं तर परत चढायची ताकद या गुडघ्यात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"छातीत दुखतंय का?"

"न्हाय. पोटऱ्यांत."

"मग पाणी प्या आणि तिथंच बसा. येते मी."

"लगेच?"

"वरून!"

आणि त्या वर गेल्या. वाऱ्याने पदर उडाला. मांडव्याहून सुटलेली बोट पाण्यावर पांढरी रेघ ओढत चालली होती. पलीकडे धुरकटात मुंबई, चहाच्या वाफेमागे ठेवलेल्या कपबशांसारखी. आणि अगदी खाली, काडेपेटीएवढ्या घराला एक ठिपका, त्यावर फडकं वाळत टाकलेलं. त्यांची खिडकी! क्रांतीबाईंनी कोणी नसताना तिला हात केला.

"या वहिनी!" देवळातून तुकाराम गुरव पुढे आला. "नवसाचं कानावर आलंय. बोला, गाऱ्हाणं घालू?"

झालं! इथेही तेच! क्रांतीबाईंचा तोल सुटला. गुरवाला बाजूला सारून त्या थेट देवीसमोर उभ्या राहिल्या.

"हे बघ आई, तू तरी बाई आहेस! मी काही मागायला आलेले नाही. मी नुसती चालते! हे एका, फक्त एका माणसाला पटू दे. तेवढं कर, दर मंगळवारी येऊन तुझ्यापुढे नारळ फोडीन!"

गुरवाने टणकन घंटा वाजवली.

मन हलकं करून क्रांतीबाई उलट्या उतरायला लागल्या. पहिल्या चौथऱ्याजवळ पाठ कशाला तरी लागली. तो दिनानाथ होता. जांभळाखाली ऐसपैस बसला होता, चेहरा टवटवीत, पुढ्यात करवंट्या.

"अहो, हा कोणाचा फोडलात?"

"हातात होता तो. चक्कर येत होती." त्याने खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. "काय वारा हाय गं इथं! इतकी वर्षं खालनं गाडी नेतो, कधी टेकलो न्हाय. मी बसल्या बसल्या इचार केला. तू खरंच नुसती चालतेस. नवस बिवस काय न्हाय. पटलं मला!"

क्रांतीबाईंनी खोबरं तोंडात टाकलं. दोनदा चावलं. मग चावायच्या थांबल्या.

पायथ्याशी मनुबाई वाटच बघत होत्या. दिनानाथ लांबूनच ओरडला, "मनुबाई! नवस न्हाय गो काय! ती नुसती चालायला जाते! मी सांगतो!"

"खरं गो, क्रांते?"

क्रांतीबाईंनी डोंगराकडे पाहिलं. नवस तर मघाशी देवीपुढे बोलला गेला होता, आणि लगोलग पावलाही होता. आता जन्मभर दर मंगळवारी फेडायचा. आणि फिटेपर्यंत सांगायचा नसतो.

"हो," त्या म्हणाल्या. "नुसती चालते."

महिनाभर घसा फोडून खरं सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नाही. पहिल्यांदाच खोटं बोलल्या, तर मनुबाईंना ते तत्काळ पटलं!

"अगोबाई, नुसतीच? मग माझा नारळ दे बघू परत!"

दिनानाथ मिशीतलं खोबरं पुसत, मांडव्याची बोट सुटली का बघायला निघून गेला.