थरांचे गोविंदमास्तर

कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत कुणी जमिनीत कुदळ घातली, की आमच्या शाळेचे भूगोलाचे गोविंदमास्तर तिथे हजर. हातात गवंड्याची थापी, कोटाच्या खिशात खापरं. खड्ड्याची कड तासायची आणि आल्यागेल्याला ऐकवायचं, "खालचं जुनं, वरचं नवं. थर मोडू नका." एकदा ते संडासाच्या खड्ड्यातही उतरले होते. खड्डा नवा होता हे आमचं नशीब.

माझ्यावर पाळी येईपर्यंत मीही हसत होतो.

वडिवळ्याच्या माझ्या शेतात विहीर खणायला घेतली. पावसाला महिना उरला होता. काळी माती संपली, नदीचे गोटे लागले, त्याखाली राख निघाली आणि मास्तर खड्ड्यात बसले ते उठेचनात. "राखेखाली सारवलेली जमीन आहे. म्हणजे इथे घर होतं. पूर आला, माणसं उठून गेली." कुठली माणसं, कधीची, ते त्यांनाही ठाऊक नाही, पण त्यांच्या चुलीपायी माझी विहीर अडली.

चौथ्या दिवशी खणणारे ठकूआबा म्हणाले, "मास्तर, आमी हितं पानी काडायला आलोय. तुमी मेल्याली मानसं कशापायी उटवताय?"

"तुमच्यासारखीच होती ती, आबा," मास्तर चिडले. "तुमचं घर असं कुणी कुदळीनं फोडलेलं चालेल?"

संध्याकाळी मी तणतणत लोणावळ्याला त्यांच्या घरी गेलो. आत पाहतो तर जमिनीचे पोपडे निघालेले, शेणाचा हात कित्येक महिन्यांत फिरलेला नाही. माझं डोकंच फिरलं. "कुठल्या जुन्या बाईचं सारवण जपता, आणि स्वतःच्या घराची ही दशा? उद्या बाई पाठवतो, सारवून घ्या."

"नको," मास्तर म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. चुलीपाशी एक फळी पालथी घातली होती, ती त्यांनी उचलली. खाली सारवणात बोटांचे अर्धगोल उमटलेले होते, कालच फिरवल्यासारखे. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती.

"खालचं जुनं, वरचं नवं," ते म्हणाले. "हे सगळ्यात वरचं. यावर आता काही नको."

विहीर मी दहा हात सरकवली. तिथे काळा पाषाण लागला. त्या उन्हाळ्यात पाणी काही आलं नाही, आणि मास्तरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांच्याकडे चहाला गेलो, की ती फळी सोडून बसतो.