विनीच्या तळ्यातली जादा कासवं

मी नॉर्मन टिबेट्स. तीस वर्षं लोकरीच्या गोदामात डोळे मिटून, नुसत्या बोटांनी लोकरीची प्रत सांगायचो. निवृत्त झाल्यावर हीच बोटं मी गुन्हेगारीकडे वळवली, म्हणजे गुन्हे शोधण्याकडे. डार्लिंग नदीकाठच्या आमच्या गावात गेल्या सहा वर्षांत एकही मोठा गुन्हा घडलेला नाही, यावरून माझा दरारा समजावा. मेहुणा क्लेम माझा सहायक. त्याच्याकडे बुद्धी नाही, पण पिकअप गाडी आहे.

रविवारी दुपारी शेजारची विनी ओगिल्वी कुंपणाशी धावत आली.

"नॉर्म, माझ्या तळ्यात एक कासव जास्त झालंय!"

"जास्त? अगं, लोकांची हरवतात!"

डचेस आणि ग्रेव्ही ही विनीची लांब मानेची कासवं. बावीस वर्षं बिचारी जुन्या बाथटबात राहिली. गेल्या महिन्यात सगळी गल्ली फावडी घेऊन जमली, एका शनिवारात तिच्या परसात तळं खणून मोकळी झाली आणि वर सॉसेज भाजून खाल्ले ते वेगळेच. तळ्यात ऊन खायला ओंडका आहे, पाणी गाळायला अर्धं पिंप आहे. भोवती आतल्या बाजूला वाकवलेला पत्रा आहे, कासवांनी चढून पळू नये म्हणून.

"शुक्रवारी कासवं पाळायच्या परवान्याची बाई येणारे," विनी म्हणाली. "परवाना दोघींचा आहे. नदीतलं कासव आणून ठेवणं गुन्हा. तिला वाटलं मीच पकडलं, तर माझ्या दोघींनाही नेईल रे. मग सकाळी उठून मी बोलू कुणाशी?"

मला तिची फार दया आली. मी ताबडतोब सिद्धांत मांडला. "डचेसला पिल्लू झालंय."

"पिल्लू नाण्याएवढं असतं," क्लेम म्हणाला. "हे ताटाएवढं आहे."

"खुराक चांगला असेल."

बुधवारी कासवं पाच झाली. म्हणजे टोळी! परदेशी पाठवायचा माल चोर विनीकडे दडवत होते. त्यांना रंगेहाथ पकडायला मी भरदुपारी तळ्याकाठी रिकामं पिंप अंगावर पालथं घालून बसलो. कोणालाही मी दिसलो नाही. मलाही कोणी दिसलं नाही. बाहेर आलो तेव्हा कासवं सहा होती.

गुरुवारी मी बागमंडळाच्या अध्यक्षा मिसेस बेव्हिंग्टन यांच्याकडे गेलो. विनीच्या गुलाबांनी त्यांच्या गुलाबांना हरवलं होतं, तेव्हा सूड उघड होता. "कबूल करा," मी म्हणालो. त्यांच्या हातात पाण्याची नळी होती. वहीत मी 'संशयित हिंसक' अशी नोंद केली, पण वही ओली असल्याने ती उमटली नाही.

मधल्या काळात क्लेमच्या हातांना भयंकर वास यायला लागला. याने साबण सोडलाय, हे मी क्षणात ओळखलं. तो काहीतरी सांगायला बघत होता, पण तपास रंगात आला असताना सहायकाला बोलू देऊ नये.

शुक्रवारी सकाळी आठ कासवं.

"ताडपत्रीने झाकून टाकू," मी सुचवलं.

"मी खोटं वागणार नाही," विनी म्हणाली आणि रडवेली होऊन फाटक उघडायला गेली.

परवान्याची बाई आली. तिच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं एक कासव होतं.

"मिसेस ओगिल्वी, हे तुमचंच ना? रस्ता ओलांडत होतं! नशीब, मी गाडी थांबवली. इथे नवं तळं झालंय हे ठाऊक होतं, म्हटलं इथूनच पळालं असणार." तिने ते अलगद तळ्यात सोडलं. मग तळ्यात पाहिलं. तिचे ओठ नऊपर्यंत हलले.

क्लेमने आपले हात पाठीमागे लपवले.

"नोव्हेंबर चालू आहे," बाई लाल होत म्हणाली. "माद्या अंडी घालायला नदीतून वर येतात. आणि रस्त्यात कासव दिसलं की आपल्यातला एक जण गाडी न थांबवता पुढे जाईल तर शपथ."

"तीन माझी," क्लेम म्हणाला. "दोन टपालवालीची. उचललं की घाण वास सोडतात ती. सोमवारपासून सांगतोय, पण हा बोलू देईल तर ना!"

"बरं, यातल्या तुमच्या दोघी कुठल्या?" बाईने विचारलं.

नऊही सारखीच दिसत होती. मी माझी अनुभवी बोटं पाण्यात घातली. एकीने ती चावून परत केली. मग विनी चिखलात गुडघे टेकून बसली आणि रोज सकाळी म्हणते तसं म्हणाली, "उठा गं बायांनो, चहा झाला."

सात कासवं तळाशी पळाली. दोन माना वर आल्या आणि सरळ तिच्याकडे निघाल्या. एकीने तर तिच्या तळहातावर हनुवटी टेकली. बाईने तिथल्या तिथे परवान्यावर सही केली. विनी एकदम हसायला आणि रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, अर्थात चावल्यामुळे.

"थांबा हं," बाई म्हणाली. "दोन यांची, तीन या भाऊंची, दोन टपालवालीची, एक माझं. आठच होतात. रविवारचं ते पहिलं कोणी आणलं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"चर्चमधून येताना दिसलं," मी म्हणालो. "पण ते प्रकरण माझ्याकडे येण्याआधीचं आहे. ते माझ्या तपासात बसत नाही."