शांततेचं आवतण

यादी केली की कोणतंही काम अर्धं होतं, अशी मोतीरामभाऊंची पक्की श्रद्धा होती. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक नोंदवही सांभाळलेला माणूस. श्रद्धा ठेवणार तरी दुसऱ्या कशावर?

लेक रश्मी म्हणाली, रविवारी चार वाजता घरी पॉडकास्टचं रेकॉर्डिंग आहे, पाहुणे अकोल्याहून येतील, दोन तास फक्त शांतता हवी. भाऊ खुर्चीतून न उठताच म्हणाले, "आपल्या राजापेठेत पान हलनार नाही. मी हाव ना."

रश्मीने टेबलावरची काचेची बरणी उचलून कपाटात ठेवली. बाबा 'मी हाव ना' म्हणाले की घरात काहीतरी फुटतंच, असा आजवरचा अनुभव होता.

आणि या वेळी फुटून चालणार नव्हतं. पाहुण्यांपैकी अश्विन शहरातल्या झाडांवरचे पक्षी मोजायचा, कुलदीप नाटकांचे पडदे रंगवायचा, आणि दोघं सहा वर्षांपासून जोडीने एका घरात राहत होते. घरमालकाला काय सांगायचं, दवाखान्यात सही कोणी करायची, हे सगळं कुलदीप पहिल्यांदाच बोलणार होता. त्याची अट होती: खोली बंद, रश्मीशिवाय कोणी नको, नाव नको, आवाजही बदलायचा. "एकबी मानूस वाढला तर मी उठून जाईन," असं त्याने फोनवरच बजावलं होतं.

भाऊंनी वही उघडली. गल्लीतली आवाज करणारी घरं अकरा निघाली. पहिल्या नंबरावर जानरावांची पिठाची चक्की, दुसऱ्यावर ट्यूशन क्लास, तिसऱ्यावर चतुराबाईंचा मिक्सर. बारावा आवाज मात्र काही केल्या सापडेना. दिवसभर कुणीतरी भांड्यावर हातोडी मारल्यासारखं टुक-टुक करत होतं. भाऊंनी दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, हातोडीवाला मिळाला नाही.

रविवारी सकाळी अंगात इस्त्रीचा शर्ट घालून भाऊ दारोदार निघाले. 'तोंडं बंद ठेवा' असं शेजाऱ्यांना तोंडावर कसं सांगायचं? म्हणून प्रत्येक उंबऱ्यावर हात जोडून ते म्हणाले, "आज चार वाजता आपल्या घरी पोरीचा कार्यक्रम हाय. सहकार्य असू द्या."

आता वऱ्हाडात इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतः दारात येऊन, वेळ सांगून कुणी हात जोडले तर त्याला काय म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आवतण! मोबाईलवरच्या निरोपाला एखादा दांडी मारेल, पण घरी येऊन सांगितल्यावर न जाणं म्हणजे जन्माचं वैर.

चार वाजता चक्की बंद, क्लास सुटलेला, मिक्सरचं भांडं धुऊन पालथं. यादी शंभर टक्के यशस्वी झाली होती. अकराही घरांत चिटपाखरू नव्हतं, कारण अकराही घरं भाऊंच्या बैठकीत येऊन बसली होती!

आतल्या खोलीत रेकॉर्डिंग नुकतंच सुरू झालं होतं. दार ढकलून चतुराबाई हातात गुलाबाचा हार घेऊन आत शिरल्या. गल्लीत वयाने सगळ्यात मोठ्या त्याच. पलंगावर कोऱ्या शर्टातले दोन तरणे, समोर रश्मी! बाईंनी क्षणात ताडलं: पोरगी पाहायला आले.

"यातला नवरदेव कोन्ता?" त्यांनी विचारलं. मागे दारात पंचवीस माना लांबल्या.

कुलदीप ताडकन उठला. त्याने पिशवी उचलली. रश्मीला दिलेला शब्द मोडतोय असं पाहून भाऊंनी दारातून ओरडायला सुरुवात केली, "शांत राहा! शांत राहा!"

बाईंनी कुलदीपचं मनगट धरलं. "बस बेटा. कोन्ता ते सांगून जाय. मी हार एकच आनला."

कुलदीपने अश्विनकडे पाहिलं. आपल्या माणसाला रश्मीचा नवरदेव ठरवू देणं काही त्याला जमेना. "आजी, आमी दोघं..."

"शांत राहा!"

"आजी, आमी..."

"शांतता!"

शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवतात, हे कुलदीपने नाटकवाल्यांत राहून पुष्कळ ऐकलं होतं. तसा आवाज आज पहिल्यांदाच त्याच्या गळ्यातून निघाला. "काका, तुमी चूप बसा जरा! आजी, आमी दोघंच जोडी हाव. मी कुलदीप, हा अश्विन. साहा वर्स झाले."

भाऊंनी कबूल केलेली शांतता तेव्हा कुठे पसरली. बाहेर फक्त टुक-टुक चाललं होतं.

"तांबट हाय तो," अश्विन सवयीने म्हणाला, "पक्षी. उंबरावर बसला असन."

चतुराबाईंनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "सयपाक कोन करते?"

"एक दिस हा, एक दिस मी."

गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे वळल्या. जानराव पंख्याची पाती मोजू लागले.

"सरका जवळ," बाई म्हणाल्या, आणि तो एकुलता एक हार त्यांनी दोघांच्या गळ्यांत मिळून घातला.

मग माईक बैठकीत आला आणि दोन तास तिथंच गप्पा रंगल्या. अकोल्यात नवं घर मिळेना म्हणता म्हणता चार जणांनी इथल्या रिकाम्या खोल्या सुचवल्या. दारचा उंबर तोडायला निघालेल्या एका शेजाऱ्याने तांबटासाठी बेत रद्द केला. निघताना कुलदीप रश्मीला म्हणाला, "नाव राहू दे. आवाजबी माझाच ठेव."

पॉडकास्टचा भाग आला तेव्हा साऱ्या गल्लीने ऐकला. त्यात चतुराबाई होत्या, जानरावांचा खोकला होता, तांबटही होता. भाऊंनी पेन्सिल घेऊन दोनदा ऐकला, पण त्यांचा आवाज कुठेच सापडेना. सापडलं ते एवढंच: "काका, तुमी चूप बसा जरा!"

"बाबा," रश्मी म्हणाली, "पूर्ण रेकॉर्डिंगमंधी अडथळा एकच होता. तो मी काढून टाकला."

भाऊंनी वही उघडली. बाराव्या कोऱ्या नंबरासमोर 'तांबट' लिहिलं, आणि त्याखाली तेरावी नोंद स्वतःच्या नावाने केली.