बायकोच्या लॅपटॉपचा वेग वाढवताना

बायकोच्या लॅपटॉपवर ब्राउझर जरा रेंगाळत उघडायचा, एवढंच निमित्त झालं. एरवी रोमानियातल्या तिमिशोआरा शहरातल्या त्या फ्लॅटमध्ये सगळं सुरळीत चाललं होतं.

बुधवारी नार्चिसाची व्हिडिओवर मुलाखत होती. वर्षभर घरी बसून ती कंटाळली होती आणि ही नोकरी तिला मनापासून हवी होती. तिला तेवढीच मदत, म्हणून तिचा नवरा दोरिन याने ब्राउझर नव्याने बनवायचं ठरवलं. (कोणी सांगितलं नव्हतं.)

दोरिनच्या घरची सिस्टिमच अशी, की प्रोग्राम तयार मिळत नाहीत. कच्चा शिधा येतो आणि कंपायलर नावाच्या आचाऱ्याकडून घरीच शिजवून घ्यावा लागतो. आच किती, तेही आपणच सांगायचं. ओ-टू ही मध्यम आच की ओ-थ्री ही मोठी? फोरमवर एकजण म्हणे ओ-थ्रीने प्रोग्राम पळतो, दुसरा म्हणे कोसळतो, तिसरा दोघांची अक्कल काढत होता. दोरिनचं डोकं भणाणलं. शेवटी त्याने ओ-थ्री धरलं आणि वर ‘समोरच्या प्रोसेसरला नेमकं बेतून दे’ अशीही सूचना ठोकली.

लॅपटॉपवर हे काम फार दिवस चाललं असतं, म्हणून त्याने ते आपल्या नव्याकोऱ्या मोठ्या मशीनवर लावलं. मशीन इतकं तापलं, की सासूबाईंनी कोझोनाक या गोड पावाचं पीठ फुगायला त्याच्याशेजारीच आणून ठेवलं.

“जावईबापू, अजून थोडं तापवा हो. पीठ छान वर येतंय!”

मोठ्या मशीनवर ब्राउझर झटकन उघडला. दोरिनने खुशीत तो लॅपटॉपवर टाकला आणि जुना पुसला.

बुधवारी नार्चिसा कोट घालून बसली. क्लिक केलं. ढिम्म. पुन्हा केलं. पडद्यावर दोनच शब्द आले: बेकायदा सूचना.

“बेकायदा? अरे, काय करून ठेवलंस तू?”

“मी कुठे काय... थांब, थांब.” दोरिनचा चेहरा उतरला. “समोरचा प्रोसेसर म्हणजे माझा होता गं! कोट माझ्या मापाने बेतला आणि चढवला तुझ्या अंगावर.”

“मग जुना टाक!”

“पुसला.”

“तुझं मशीन दे!”

“त्याला कॅमेरा नाही.”

“मग नवीन बनवायला किती वेळ?”

“...उद्या संध्याकाळपर्यंत?”

“दोरिन!” नार्चिसा रडकुंडीला आली.

सासूबाईंनी पिठाचे हात पुसत आपला मोबाइल पुढे केला. तो पिठाच्या परातीला टेकवून मुलाखत सुरू झाली. नोकरी ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची. साहेबांनी विचारलं, “स्वतःच घोळ घालून गोंधळून गेलेला माणूस कसा हाताळाल?”

नार्चिसाने नुसता मोबाइल वळवला. दोरिन जमिनीवर फतकल मारून बसला होता; दातांत पेनड्राइव्ह, गळ्यात केबल, आणि लॅपटॉपला विनवत होता, “चल ना रे बाबा!” तिने शांतपणे सगळी हकीकत सांगितली. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली.

“म्हणजे मिळाली माझ्यामुळेच!” दोरिन आठवडाभर छाती फुगवून फिरला.

कामाचा पहिला दिवस संपवून ती परतली, तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने विचारलं, “काय शिकवलं गं आज?”

“विशेष काही नाही,” नार्चिसा बूट काढत म्हणाली. “तुझ्यासारख्याचा फोन आला, की आधी विचारायचं, घरात कोणी मोठं माणूस आहे का?”